चावी फिरते, सेल्फ लागत नाही : जुन्या मोटारीतल्या रिलेच्या बिघाडाचा आढावा

जुनी मोटार सुरू होत नाही, या तक्रारीच्या पोटात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एकीत चावी फिरवली तरी सेल्फच लागत नाही, इंजिन जागचे हलत नाही. दुसरीत सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. दोन्हींच्या मुळाशी रिले असू शकतो. मात्र तो एकच रिले नसतो आणि तो शोधायची वाटही एक नसते. पहिल्या तक्रारीत संशय सेल्फच्या रिलेवर जातो, दुसरीत इंधन पंपाच्या किंवा इंजिनाच्या मुख्य रिलेवर. मेकॅनिकला फोनवर ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगितले, तर बरोबर काय घेऊन निघावे हेही त्याला ठरवता येत नाही. निदानाची सुरुवात पान्यापेक्षा कानाने होते, ती यामुळे.

रिलेवर संशय लवकर जातो याला आणखी एक साधे कारण आहे. तो स्वस्त असतो, हाताने उपटता येतो आणि दुकानात लगेच मिळतो. त्यामुळे तपासण्याआधीच तो बदलला जातो, आणि बदलल्यावर गाडी सुरू झाली की दोष त्याचाच होता असे ठरते. पुष्कळदा झालेले असते वेगळेच : जुना रिले उपटताना आणि नवा खोचताना सॉकेटमधल्या पात्या घासल्या जातात, त्यांच्यावरचा हिरवट थर तात्पुरता निघतो आणि वीज वाहू लागते. आठवड्याने गाडी पुन्हा अडते आणि मग ‘रिलेच डुप्लिकेट निघाला’ अशी समजूत होते. रिले हा मधला माणूस आहे. त्याला हुकूम देणारी एक बाजू आहे आणि त्याच्याकडून वीज घेणारी दुसरी. निदानाचे सगळे कसब या दोन बाजू वेगळ्या काढून तपासण्यात आहे.

रिलेच्या पोटात काय असते

काळ्या प्लास्टिकच्या डबीत बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याच्या मध्ये लोखंडी गाभा, वर स्प्रिंगने तोललेली एक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका. वेटोळ्याचा रोध साधारण ७० ते १०० ओहम असतो. त्यातून १२ व्होल्टला दीड दशांश ॲम्पिअरच्या आसपास, म्हणजे अगदी किरकोळ प्रवाह जातो. तेवढ्याने गाभ्यात चुंबकत्व येते, पट्टी खाली खेचली जाते, ठिपका ठिपक्याला टेकतो आणि ३० ॲम्पिअरचा मार्ग खुला होतो. आवाज येतो तो या टेकण्याचा. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला परत उचलते. रेल्वेच्या सिग्नलसाठी घडवलेल्या रिलेत हे काम स्प्रिंगऐवजी पट्टीच्या स्वतःच्या वजनावर सोपवलेले असते, कारण स्प्रिंग मोडू शकते, गुरुत्वाकर्षण मोडत नाही. मोटारीत एवढी चैन नाही.

हे साधन मोटारीपेक्षा बरेच जुने. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास लांबच्या तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहाने जवळच्या ताज्या बॅटरीचा प्रवाह चालू करून दाखवला. दमलेला घोडा सोडून ताजा घोडा जोडण्याच्या टप्प्यासाठी युरोपात जो शब्द होता तोच पुढे या यंत्राला मिळाला. मोटारीत सेल्फ आला तो चार्ल्स केटरिंग यांच्या रचनेतून, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी बहुतेक गाड्यांत हँडल मारूनच इंजिन फिरवावे लागे, आणि भारतात ॲम्बॅसेडरला हँडल मारणारे ड्रायव्हर त्यानंतरही कित्येक दशके दिसत राहिले.

रिलेच्या पायांवर कोरलेले आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत आणि ते पाठ असले की निम्मे काम सोपे होते. ३० हा बॅटरीकडून येणारा कायम जिवंत पाय. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. एकाला चावीकडून वीज येते, दुसरे अर्थिंगला जाते. ८७ वरून वीज पुढे सेल्फकडे किंवा पंपाकडे निघते. पाचवा पाय असला तर तो ८७ए, रिले निवांत असताना जोडलेला. याच मानकात चावीनंतर जिवंत होणाऱ्या तारेला १५, सेल्फच्या हुकमाच्या तारेला ५० आणि अर्थिंगला ३१ म्हणतात. जपानी बांधणीच्या गाड्यांत पायांना १, २, ३, ५ असे आकडे असतात आणि त्यांची मांडणीही वेगळी असू शकते. डबीवर छापलेला छोटा नकाशा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दोन रिले बाहेरून जुळे दिसले तरी आत वेगळे असू शकतात. काहींत वेटोळ्याला समांतर डायोड असतो. अशा रिलेची ८५-८६ उलटी जोडली तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो.

‘टक्’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज निदानाची सर्वाधिक फसगत करतो. तो आवाज फक्त हुकूम पोचल्याची पावती आहे. ठिपके टेकले, पण त्यांच्यामधून वीज गेली का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. दर वेळी उघडताना ठिपक्यांमध्ये ठिणगी पडते. हजारो वेळा असे झाले की पृष्ठभागाला खड्डे पडतात, काजळी धरते. तिथे अवघा ०.१ ओहमचा रोध तयार झाला तरी ३० ॲम्पिअर वाहताना ३ व्होल्ट तिथेच गडप होतात आणि उष्णतेत जातात. मग रिले वाजतो, सेल्फ मात्र हलत नाही.

पद्मिनीपासून होंडा सिटीपर्यंत

जुन्या गाड्यांत रिले कुठे आणि किती, हे पिढीगणिक बदलत गेले. ठाणे-कल्याण पट्ट्याला या इतिहासाचा शेजार आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट आणि त्यातून १९७४ साली पुढे आलेली पद्मिनी कुर्ल्याला बनत. कंपनीच्या कल्याणच्या कारखान्याशी ११८एनई आणि पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात फ्रेंच भागीदारीतली प्यूजो ३०९ यांची नावे जोडलेली आहेत. ११८एनई ही १९८५ ची गाडी, अंग इटालियन फियाट १२४ चे आणि इंजिन जपानी निस्सानचे. भागीदारी मोडली, कारखाने थांबले, पण त्या गाड्यांचे रिले अजून मिळतात, कारण रिले हा गाडीच्या कंपनीचा नसून मानकाचा भाग आहे. दरवाजाची काच मिळणार नाही, रिले मिळेल.

पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या पिढीत बहुतेक वेळा चावीच्या स्विचमधूनच वीज सेल्फच्या सॉलेनॉइडला जात असे, मध्ये वेगळा रिले नसे. सॉलेनॉइड हाच मोठा रिले. तो दोन कामे करतो : बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फच्या छोट्या गिअरचे, दात पुढे ढकलून फ्लायव्हीलला भिडवतो आणि तांब्याच्या जाड चकतीने बॅटरीचा शंभर-दीडशे ॲम्पिअरचा प्रवाह मोटरला जोडतो. चावीच्या स्विचवर त्याच्या ओढीचा भार पडून पडून स्विच आतून जळे. हुशार वायरमन मग तिथे एक रिले घालून देत आणि स्विचचा जीव वाचवत. अशा हाताने घातलेल्या रिलेचा नकाशा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. तो डॅशबोर्डखाली, बॅटरीच्या मागे किंवा फेंडरच्या आत एका स्क्रूवर लटकलेला मिळतो.

त्या काळातला आणखी एक रिले सहज विसरला जातो, तो म्हणजे डायनॅमोचा कटआउट. इंजिन चालू असताना तो डायनॅमोला बॅटरीशी जोडतो आणि इंजिन बंद झाले की तोडतो. त्याचे ठिपके चिकटून बसले, तर रात्रभर बॅटरी उलटी डायनॅमोतून रिकामी होत राहते. सकाळी गाडी उचलत नाही, बॅटरी चार्ज करून आणली की उचलते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवी बॅटरी घेऊनही सुटत नाही असा हा दोष आहे. अल्टरनेटर आल्यावर हे काम त्यातल्या डायोडने घेतले.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या जोरावर चाले, म्हणून इंधनाचा रिले हा प्रश्नच नव्हता. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आले आणि चित्र पालटले. आता इंजिनाच्या कंट्रोल युनिटला वीज देणारा मुख्य रिले आणि टाकीतल्या पंपाचा रिले, असे दोघे नवीन मधले आले. यांपैकी कोणी बसला तर सेल्फ खणखणीत फिरतो आणि इंजिन एकदाही फुरफुरत नाही.

इथे एक साधी खूण कामी येते. चावी ‘ऑन’वर नेली, सेल्फ मारला नाही, की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायला हवा आणि मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. दिवाच लागला नाही, तर मुख्य रिले, त्याचा फ्यूज किंवा कंट्रोल युनिटचे अर्थिंग यांच्याकडे जावे. दिवा लागला पण घरघर नाही, तर पंपाचा रिले, वायर किंवा खुद्द पंप. पंप आणि वायर वेगळे काढायचे, तर त्याच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून चावी ऑन करावी. लॅम्प दोन सेकंद पेटला तर रिले निर्दोष आणि पंप मेलेला.

डिझेल गाड्यांची कथा थोडक्यात अशी : १९९८ च्या इंडिकासारख्या गाडीत स्पार्क नाही, पण डिझेल पंपावर बंदीचे सॉलेनॉइड असते, त्याला वीज मिळाली तरच डिझेल पुढे जाते. ती वीज तुटली की सेल्फ फिरतो, धूरसुद्धा निघत नाही. ग्लो प्लगचा रिले ठाण्याच्या हवेत कमी छळतो. इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरले असेल तर मात्र डिसेंबरच्या पहाटे त्याची उणीव जाणवते.

आवाज आणि उजेड

बॉनेट उघडण्याआधी हेडलाइट लावून चावी फिरवावी आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहावा. उजेड जराही न बदलता राहिला आणि सगळे शांत असले, तर सेल्फपर्यंत प्रवाह निघालाच नाही : चावीचा स्विच, रिले किंवा हुकमाची तार. उजेड एकदम मंदावला, तर प्रवाह गेला, पण बॅटरी बसली आहे किंवा सेल्फ आतून अडकला आहे. उजेड पूर्ण विझून परत आला, तर बॅटरीच्या टर्मिनलवर लूज कॉन्टॅक्ट. हत्यार एकही लागले नाही आणि संशयितांची यादी निम्मी झाली.

शांततेऐवजी ‘किट-किट-किट’ अशी भराभर टकटक आली तर रिलेला दोष देण्याची रीत आहे, आणि ती बहुतेक वेळा चुकीची आहे. बॅटरी अशक्त असली की रिले किंवा सॉलेनॉइड खेचला जातो, सेल्फ प्रवाह मागतो, व्होल्टेज कोसळते, पट्टी सुटते; भार गेला म्हणून व्होल्टेज पुन्हा चढते आणि पट्टी परत खेचली जाते. सेकंदात अनेकदा हे चक्र फिरते. टकटक करणारा रिले आपले काम चोख करत असतो. अशा वेळी बॅटरी मोजावी : निवांत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर पुढचे सगळे तपास थांबवून आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले बघावीत. निम्म्या बॅटरीवर घेतलेले कोणतेही माप विश्वासाचे नसते.

एकच जड ‘ठक्’ आणि पुढे काही नाही, हा आवाज बहुधा खालून, सेल्फच्या अंगातून येतो. सॉलेनॉइड सरकला पण चकती जळालेली आहे, किंवा कार्बन ब्रश झिजले आहेत. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकल्यावर तो लागला तर बहुधा ब्रश. ‘घर्रर्र’ असा मोकळा फिरण्याचा आवाज आला तर बेंडिक्स दातात बसत नाही. या दोन्हींत रिले निर्दोष आहे.

मीटर बरोबर, प्रश्न चुकीचा

रिलेच्या तपासात घरगुती कारागिराची सर्वांत मोठी गोची मल्टिमीटरने होते. सॉकेटच्या ३० क्रमांकाच्या खाचेत मीटरची टोके लावली, १२.४ व्होल्ट दिसले, म्हणून वीज येते आहे असा निष्कर्ष काढला, आणि दोष तिथेच होता. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. शंभरातल्या नव्याण्णव तारा गंजून तुटलेली वायर त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण प्रवाहच नाही तर व्होल्ट हरवणार कुठे? तिथे २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला की तो पावणेदोन ॲम्पिअर मागतो, आणि कुजलेली वायर उघडी पडते : बल्ब मिणमिणतो किंवा पेटतच नाही. जुने वायरमन मीटर असूनही बल्बला दोन तारा जोडून ठेवतात, ते यामुळे. हाच बल्ब कंट्रोल युनिटच्या किंवा सेन्सरच्या तारांवर मात्र लावू नये; तिथली नाजूक सर्किटे त्या भाराने जळतात.

मीटरचा खरा उपयोग चालत्या प्रवाहात, व्होल्ट कुठे गळतात हे बघायला होतो. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलच्या खांबावर, दुसरे सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर, आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढे वाटेत हरवते आहे. बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून इंजिनाच्या अंगापर्यंत हेच माप ०.२ च्या आत असावे. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये, तो खेचलेला असताना, एक-दोन दशांश व्होल्टहून अधिक दिसले तर ठिपके जळाले आहेत. रिले चांगला की वाईट याचा निकाल इथे लागतो, ‘टक्’ आवाजात नाही.

इंजिनाला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी स्वतंत्र लक्ष मागते. गिअरबॉक्स किंवा क्लचचे काम झाल्यावर ती जोडायची राहून जाते, किंवा रंगावरच बोल्ट आवळला जातो. मग सेल्फचा प्रवाह परतीची वाट म्हणून ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल पकडतो. सेल्फ मारताना एखादी केबल गरम होत असेल, तर रिलेकडे बघण्याचे कारणच उरत नाही.

सॉकेटमधले चार प्रश्न

कान आणि उजेड रिलेकडे बोट दाखवत असतील तर त्याला हात लावावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांपुढे वीट. हे आधी, कारण पुढच्या एका पायरीवर चावी नसतानाही सेल्फ फिरणार आहे.

रिलेवर बोट ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावी. टक् जाणवला नाही, तर हॉर्नचा किंवा रेडिएटरच्या पंख्याचा तसाच रिले, पायांची मांडणी आणि आकडे जुळवून, त्या जागी खोचून पाहावा. गाडी सुरू झाली तरी घाई करू नये; जुना रिले त्याच सॉकेटमध्ये परत घालून दोष परत येतो का ते बघावे. परत आला तरच रिले दोषी. नाही आला तर सॉकेट.

रिले काढल्यावर सॉकेट चार प्रश्नांची उत्तरे देते. ३० वर बल्ब नेहमी पेटतो का? चावी सेल्फच्या टोकाला धरली असताना ८६ वर पेटतो का? बल्बचे एक टोक बॅटरीच्या धनाला धरून दुसरे ८५ ला लावले तर पेटतो का, म्हणजे अर्थिंग आहे का? आणि शेवटी, फ्यूज लावलेल्या तारेने ३० आणि ८७ जोडले तर सेल्फ फिरतो का? काही गाड्यांत ८५-८६ उलटे असतात आणि एमपीएफआयच्या पंपाच्या रिलेचे अर्थिंग कंट्रोल युनिट देते, तेही दोनच सेकंद. हे लक्षात ठेवले नाही तर चांगल्या तारेला तुटलेली ठरवले जाते.

पहिले उत्तर नाही आले तर फ्यूज किंवा बॅटरीची तार. दुसरे नाही तर चावीचा स्विच, आणि जुन्या गाड्यांत हा फार आढळतो : जड जुडगा वर्षानुवर्षे लटकल्याने स्विचचा गाभा सैल होतो, चावी जरा मागे-पुढे केल्यावर सेल्फ लागतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ‘पार्क’-‘न्यूट्रल’ ओळखणारा स्विचही याच वाटेवर बसलेला असतो. दांडा ‘एन’वर नेल्यावर गाडी सुरू झाली तर तो पकडावा. तिसरे नाही तर अर्थिंग. चौथ्यात सेल्फ फिरला आणि आधीची तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर आणि तरच, रिले बदलायचा. सेल्फ फिरला नाही तर दोष रिलेच्या पुढे आहे आणि नवा रिले हा निव्वळ खर्च.

उन्हात येणारा, थंडाव्यात जाणारा दोष

सगळ्यांत चिवट दोष तो, जो गॅरेजमध्ये दिसत नाही. याचे जगभर गाजलेले उदाहरण होंडाच्या १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या गाड्यांच्या मुख्य रिलेचे. १९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटीही त्याच घराण्यातली. या डबीत दोन रिले एकाच छोट्या पाटीवर डाख देऊन बसवलेले असत. गाडी उन्हात उभी राहून आतून तापली की डाखाच्या जुन्या सांध्याला गेलेली केसाएवढी चीर फाकते. सेल्फ फिरतो, पंपाची घरघर येत नाही, इंजिन पकडत नाही. काचा उघडून अर्धा तास थांबले की सांधा आकसतो आणि गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते. मेकॅनिक पोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो, आणि मालकाच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. इलाज सोपा आहे : डबी उघडून भिंगाखाली पाटी बघायची, सांध्याभोवती गोल काळी रेघ दिसली की तिथे ताजा डाख द्यायचा.

अशा दोषाला तो हजर असतानाच पकडावे लागते. गाडी थंड असेल तर हेअर ड्रायरने रिले तापवावा, गरम असेल तर ओल्या फडक्याने निववावा, आणि फरक पडतो का पाहावे. वायरीच्या जुडग्यांसाठी तीच युक्ती हलवण्याची : सेल्फ मारायला सांगून वायर एकेक ठिकाणी वाकवत जायचे.

खाडीकाठची हवा

टेंभी नाका, जांभळी नाका, तलावपाळी या जुन्या ठाण्यातल्या गाड्यांना छप्पर क्वचितच मिळते. एका बाजूला खाडी, जून ते सप्टेंबर पाऊस. अशा हवेत तांब्या-पितळेच्या पात्यांवर हिरवट आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर ठरलेलाच. वायपरखालच्या जाळीत सुकी पाने अडकली की पाणी आत उतरते आणि ज्या गाड्यांत फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली आहे तिथे नेमके रिलेवर ठिबकते. पावसाळ्यात सकाळी अडणारी आणि दुपारी सुरू होणारी गाडी बहुधा हेच सांगत असते. उन्हाळ्यातल्या होंडाच्या बरोबर उलट. वरचे प्लास्टिक कोरडे दिसले तरी रिले काढून पायांचा रंग बघावा. एखाद्या पायाजवळचे प्लास्टिक पिवळसर, वितळल्यासारखे दिसले तर तिथे सैल पात्यामुळे उष्णता झाली आहे आणि नवा रिलेही तिथे जळणार. सॉकेटची ती पात बदलणे किंवा चिमट्याने आवळणे हाच इलाज.

२६ जुलै २००५ च्या पुरात ठाणे-कल्याण भागातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. बुडालेल्या गाडीबाबत नियम एकच : चावी लावून बघायची नाही. आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढायचे, मग रिले आणि फ्यूज बाहेर काढून सॉकेट गोड्या पाण्याने धुवायचे आणि वाळवायचे. ओल्या सॉकेटला वीज मिळाली की दोन पायांमध्ये तांबे विरघळून जायला सुरुवात होते, आणि एका रात्रीत पाय खाल्ले जातात. बुडालेले रिले सुकवून वापरण्यात काटकसर नाही.

पावसात उंदीरही उबेसाठी बॉनेटखाली येतात. कुरतडलेली वायर रिलेच्या दोषासारखीच वागते. फ्यूज बॉक्सच्या मागच्या बाजूला लेंड्या दिसल्या तर वायरिंग आधी बघावे.

नंतर घातलेल्या तारा

मूळ गाडीत नसलेले रिले हा वेगळाच प्रांत आहे. १९९० आणि २००० च्या दशकांत बाजारातून बसवलेल्या चोरी-अलार्म आणि सेंट्रल लॉकच्या संचांत सेल्फची किंवा इग्निशनची तार कापून मध्ये एक रिले घातलेला असतो. संच बिघडला, रिमोटची बॅटरी संपली किंवा टेपने गुंडाळलेला जोड सुटला की गाडी ठप्प होते, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या रिलेचा पत्ता नसतो. स्टीअरिंगच्या खोळीखाली चावीच्या वायरींना काळी चिकटपट्टी दिसली की तिथूनच शोध सुरू करणे शहाणपणाचे. बिघडलेला संच काढून मूळ तार डाख देऊन पूर्ववत करणे हे बहुतेक जुन्या गाड्यांना मानवते.

मुंबई-ठाण्यात सीएनजी किटचीही यात भर पडते. किटचा स्वतःचा बारीक फ्यूज, पेट्रोल तोडणारा व्हॉल्व्ह आणि बदलाचा स्विच, सगळे इग्निशनच्या तारेवर टेकलेले असतात. तो फ्यूज गेला तर कार्ब्युरेटरच्या गाडीला ना पेट्रोल मिळते ना गॅस, आणि सेल्फ फिरत राहतो.

गाडी बरेच दिवस उभी राहिली की आणखी एक हिशेब लागू होतो. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात आजूबाजूच्या रस्त्यांवर माणसांचा पूर असतो, वाहतूक वळवलेली असते, आणि आतल्या गल्लीतली गाडी दहा दिवस जागेवर राहू शकते. अलार्मचा संच ५० मिलिॲम्पिअर खात असेल तर दहा दिवसांत १२ ॲम्पिअर-तास जातात. ३५ ची छोटी बॅटरी तरीही तग धरते. एखाद्या रिलेचे वेटोळे चुकून जिवंत राहिले असेल तर मात्र दिवसाला साडेतीन, दहा दिवसांत पस्तीस. बॅटरी पार रिकामी. हे ओळखायला गाडी बंद करून अर्ध्या तासाने रिलेंवर हात फिरवावा. सगळे थंड असताना एक कोमट लागला तर तोच.

डायरेक्ट करणे आणि बदलणे

दोष सापडला नाही की ‘डायरेक्ट’ करायचा मोह होतो : रिले काढून ३० आणि ८७ कायमचे जोडून टाकायचे, किंवा डॅशबोर्डवर बटण बसवायचे. पंपाच्या रिलेबाबत हे धोक्याचे आहे. अपघातात इंजिन बंद पडले की कंट्रोल युनिट पंप थांबवते. डायरेक्ट केलेला पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. सेल्फच्या बाबतीत तार जोडून राहिली तर सेल्फ स्वतः जळतो आणि वायरिंग पेटू शकते. घरी पोचण्यापुरती तार, फ्यूज लावून, चालेल; दुसऱ्या दिवशी ती निघाली पाहिजे. धक्का देऊन गाडी सुरू करणे हा जुना उपाय फक्त पहिल्या तक्रारीवर चालतो. पंप किंवा मुख्य रिले बसला असेल तर कितीही धक्के मारले तरी इंजिन पकडणार नाही, आणि टेंभी नाक्याच्या वाहतुकीत धक्का मारायला मोकळा रस्ता मिळणेही अवघड.

बदलताना रिलेचे ॲम्पिअर, पायांची संख्या, ८७ए आहे की नाही, आणि आत डायोड किंवा रोध आहे का, हे जुळवावे. २० ॲम्पिअरच्या जागी ४० चालतो, उलटे चालत नाही. ११८एनई, प्यूजो अशा पोरक्या गाड्यांसाठी सॉकेटसकट नवा रिले घेऊन वायरी एकेक करून त्यात हलवणे, हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना फ्यूज बॉक्स शोधून आणण्यापेक्षा बरे; जुन्या बॉक्सच्या पात्याही तितक्याच थकलेल्या असतात. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला फेरनोंदणीसाठी परिवहन कार्यालयात जावे लागते; त्या तारखेआधी हे काम उरकलेले बरे, कारण तिथल्या रांगेत सेल्फ न लागणे परवडत नाही.

नवा रिले बसवल्यावर इंजिन गरम करून, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून, गाडी दहा वेळा बंद-चालू करावी आणि ३०-८७ मधले व्होल्टचे माप पुन्हा घ्यावे. त्यानंतर अर्धा तास गाडी चालवून रिलेला हात लावावा. डबी कोमट असणे साहजिक आहे, वेटोळे तेवढी उष्णता देतेच. बोट ठेववत नसेल, तर सॉकेटची ३० किंवा ८७ ची पात सैल आहे; रिले पुन्हा काढून ती पात आवळावी लागते.